पाच चिंध्या आणि दहा मिनिटं

मला गाड्यांची आवड नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायचा. माझ्यासाठी गाडी म्हणजे मानेवाड्याहून कन्हानच्या शाळेत नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एक पांढरी पेटी. एकोणीस वर्षं रोज ये-जा करून मी इतकी दमले आहे की त्या पेटीकडून माझी एकच अपेक्षा उरली आहे, तिनं मध्येच बंद पडू नये. तरीपण दर तीन महिन्यांनी एका रविवारी, झोपायचं सोडून, मी खाली पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभी असते. हातात पेचकस, खांद्यावर चिंधी. तळमजल्यावरच्या बाई परवा म्हणाल्या, "मॅडम, किती हौस तुम्हाला." हौस कसली डोंबलाची. भोयरकाकांनी लावलेली सवय आहे, सुटत नाही.

भोयरकाका आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचे, बरोबर माझ्या डोक्यावर. एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये त्यांनी सगळी नोकरी लॅब असिस्टंट म्हणून काढली. उंच, काटकुळे, मानेत थोडे वाकलेले. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी लॅबमधला निळा कोट त्यांनी सोडला नव्हता. गाडीचं काम असलं की तोच घालून खाली यायचे, सगळी बटणं लावून, भर मे महिन्यातसुद्धा. कोटाच्या खिशात लवंगेची डबी. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी एक लवंग तोंडात टाकायची, आणि ती दाढेखाली नीट बसेपर्यंत समोरच्यानं थांबायचं. माझ्यासारख्या घाईतल्या बाईला ती लवंग म्हणजे शिक्षाच होती.

दुसरी सवय मोजायची. लॅबचा तास संपला की भिंगं, चिमटे, वजनं मोजल्याशिवाय त्यांनी कधी कुलूप लावलं नाही. प्राध्यापक घरी पोचून चहा पिऊन व्हायचे, हे अजून लोहचुंबक मोजत बसलेले. घरीही तेच. बाहेर निघताना गॅसचं बटण, नळ, खिडक्या, सगळं बोट लावून मोजायचे. "मोजलं की माणूस निर्धास्त होते," म्हणायचे. काकू म्हणायच्या, "लग्नात यांनी हारातली फुलं मोजली असतील, मले दिसलं नाही एवढंच."

आमची खरी ओळख झाली ती माझ्या गाडीमुळे. तेव्हा ती सिग्नलला बंद पडायची. चालताना ठीक, पण पाय काढला की थरथरायची आणि गप्प. कामठी रोडवरचे ट्रकवाले मागून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. गॅरेजवाला म्हणाला, मॅडम, मोठं काम दिसतं, चार दिवस गाडी ठेवा. चार दिवस गाडी ठेवली तर मी कन्हानला काय उडत जाऊ? नवरा चंद्रपूरला नोकरीला, तो येणार शनिवारी. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. रडत नव्हते, पण फार दूरही नव्हते. खिडकीवर टकटक झाली.

"काहून बसून राहिली वं अशी?"

"गाडी बंद पडते काका. वैताग आला आहे."

लवंग. ती बसेपर्यंत मी वाट पाहिली.

"बॉनेट उघड."

"अहो, पण गॅरेजवाला म्हणतो..."

"तो घाईचा माणूस आहे. उघड तू."

ते वर जाऊन कोट घालून आले. सोबत एक पत्र्याचा डबा, त्यात पेचकस, पाना, जुना टूथब्रश, स्प्रेची बाटली आणि घड्या घातलेल्या पाच चिंध्या. आधी बॅटरीची काळी वायर काढली. मग इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाची पट्टी ढिली केली आणि पाइप ओढून बाजूला केला. आत मनगट जाईल एवढं गोल तोंड होतं आणि त्या तोंडात एक चकती.

"ही थ्रॉटल बॉडी. इथून तुझी गाडी हवा घेते. पाय दाबला की चकती उघडते, पाय काढला की मिटते. मिटली तरी काठाशी केसभर फट राहते. तेवढ्या हवेवर ती सिग्नलले जिवंत राहते. तुझी फटच बुजली ना बावा."

खरंच, चकतीच्या काठाला चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी काजळी धरली होती. काका स्प्रे आत मारत नसत, चिंधीवर मारायचे आणि चिंधीनं पुसायचे. बोटानं चकती ढकलायची नाही, तिला तिच्या चालीनं घ्यायचं. कोपऱ्याला टूथब्रश. दोन चिंध्या काळ्याकुट्ट झाल्या, तिसरी राखाडी, चौथी जवळजवळ स्वच्छ निघाली. पाचवीचं काम वेगळं होतं. पाइप बाजूला असताना धूळ किंवा एखादा स्क्रू आत पडू नये म्हणून ती त्या तोंडात बोळा करून बसवायची, आणि पाइप लावायच्या आधी काढायची. शेवटी काकांनी सगळ्या चिंध्या बॉनेटच्या पट्टीवर मांडल्या, एकेकीला बोट लावलं आणि "पाच" असं मोठ्यानं म्हटलं. मगच पाइप चढवला.

"आता बस आत. सुरू कर. आणि पाय काढ. दहा मिनिटं काहीच करायचं नाही. एसी नाही, रेडिओ नाही, उतरायचं नाही."

"हे कशाला?"

"आजवर तिले घाणीतून हवा घ्यायची सवय. आता रस्ता मोकळा झाला, तर तिचा अंदाज चुकते. किती घ्यावं ते तिले नव्यानं समजू द्या लागते. तू मधात पाय देशीन तर चुकीचंच शिकन ती."

इंजिन आधी भलत्याच जोरात घोंगावलं, मग खाली आलं, मग परत वर. काका बॉनेटकडे कान तिरपा करून उभे राहिले. मी मांडीवर हात ठेवून बसले. दहा मिनिटं काहीच करायचं नाही, असं मला कितीतरी वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मला झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी बंद होती, किल्ली काकांच्या हातात होती, आणि ते शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर पेपर वाचत बसले होते. पाऊण तास झाला होता.

"गाडी दहा मिनिटांत शिकली," ते म्हणाले. "तुले वेळ लागला."

त्यानंतर आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या गाड्यांचं काम काकांकडे आलं, त्यांनी न मागता. पण त्यांच्या अटी होत्या. तळमजल्यावर एक प्लॉटचा धंदा करणारे गृहस्थ आहेत, मोठी काळी गाडी, कानाला सतत फोन. काकांनी त्यांची गाडी साफ केली, त्यांना आत बसवलं आणि दहा मिनिटं सांगितली. दोन मिनिटांत यांचा फोन वाजला, कुणीतरी वर्धा रोडला वाट बघत होतं, आणि यांनी सरळ पाय दाबून गाडी काढली. चिंध्या गोळा केल्या, मोजल्या, वर गेले. पुढे आठवडाभर ती काळी गाडी सिग्नलला घोड्यासारखी फुरफुरत राहिली. गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. काकांनी डबा घेतला आणि म्हणाले, "दहा मिनिटं घेऊन या, मिठाई राहू द्या." ते चार महिन्यांनी दहा मिनिटं घेऊन आले.

आता काकूंबद्दल सांगायला पाहिजे, कारण हे सगळं त्यांच्यासाठी होतं.

कुसुमकाकूंच्या किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेदहाला धंतोलीतल्या हॉस्पिटलात डायलिसिस. एक पाळी चुकली की पाय सुजायचे, दुसरी लांबली की श्वास लागायचा. शुगरनं डोळेही अधू झालेले, समोरचा माणूस आवाजावरून ओळखायच्या. मुलगा हैदराबादला. त्यानं कितीदा सांगितलं, बाबा, ड्रायव्हर ठेवा, नाहीतर मोबाइलवरून गाडी बोलवत जा. काका एकच म्हणायचे, "तिले मीच नेईन." यावर चर्चा नव्हती. ताशी पस्तीसच्या वेगानं, तिसऱ्या गिअरमध्ये, मागच्या सीटवर काकू उशीला टेकून. दीड वर्षात पाळी चुकली नव्हती, पण एकदा चुकता चुकता वाचली होती. ती हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली. उन्हाळ्यात भर उड्डाणपुलावर त्यांची जुनी लाल गाडी बंद पडली. सुरू करायची, पाय काढायचा, बंद. परत तेच. मागे रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण हॉर्नवर हात ठेवून. काकू मागे घामानं निथळत, तोंडानं श्वास घेत.

"वीस मिनिटं," काका म्हणाले. "ती काहीच बोलली नाही वं. पदरानं माझीच मान पुसत होती मागून."

त्यानंतर त्यांनी थ्रॉटल बॉडी काय असते ते शोधून काढलं, हातानं शिकले. आणि त्यानंतर हॉर्नचा आवाज आला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे रविवार, मंगळवार, गुरुवार, ते खाली येऊन पाइप काढायचे, टॉर्चनं आत बघायचे, काठ पुसायचे, दहा मिनिटं गाडी चालू ठेवायचे. इतकं करायची काही गरज नव्हती, हे आता मलाही कळतं. तेव्हाही त्यांना कळत असणार. चिंध्या काकूंच्या जुन्या सुती साड्यांच्या असायच्या, कारण नवं कापड धागे सोडतं. "माझी डोहाळजेवणाची आंबा रंगाची साडी यांनी गाडीच्या घशात घातली," काकू सांगायच्या, आणि तक्रार करताना त्यांचा चेहरा खुलायचा. काम झालं की काका चिंध्या स्वतः साबणानं धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकायचे. ज्यानं घाण केली त्यानं धुवायचं, हा त्यांच्या लॅबचा नियम होता. गॅलरी पार्किंगच्या बाजूला होती.

तो बुधवार माझ्या चांगला लक्षात आहे. मी नऊला शाळेत निघाले तर काका लाल गाडीपाशी उभे, बॉनेट उघडं, आणि काकू मागच्या सीटवर. गाडी सुरू होत होती, दोन आचके देत होती, बंद पडत होती. काकांच्या कोटाची बटणं उलटसुलट लागली होती. ते पहिल्यांदाच लवंग न खाता बोलले.

"काल चांगली होती. दहा मिनिटं उभा होतो मी. काल चांगली होती."

"मी नेते काकूंना. तुम्हीही चला."

"तू ने तिले. मी पाहतो." त्यांनी काकूंना हात धरून माझ्या गाडीत बसवलं, उशी लावली, आणि परत बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले. आरशात मला त्यांची पाठ दिसत होती.

मी शाळेत फोन करून दिवसाची सुटी सांगितली. हेडमास्तरांनी सुस्कारा टाकला, मीही टाकला. काकूंना सोडून मी परत बिल्डिंगमध्ये आले, काकांना घेऊन जाऊ म्हणून. ते स्टुलावर बसले होते. मांडीवर एक चिंधी होती, आंबा रंगाची, मध्ये गोळा झालेली. त्यांनी ती माझ्याकडे केली.

झालं असं होतं. संध्याकाळी काम नीट झालेलं. पण सकाळी त्यांना उगाच आवाज वेगळा वाटला, म्हणून परत पाइप काढला, तोंडात बोळा बसवला. तेवढ्यात वरून काकूंनी हाक मारली, चप्पल सापडेना. काकांनी चिंध्या मोजल्या, पाइप चढवला आणि वर गेले. बोळा आतच राहिला. गाडी हवेसाठी तडफडत होती आणि तिचा गळा यांनीच दाबून ठेवला होता.

"मोजल्या मी," काका म्हणाले. "चार होत्या समोर. मी पाच म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. माझ्या कानानं ऐकलं."

मी म्हटलं, होतं असं घाईत. ते म्हणाले, "मी घाईचा माणूस नाही." मला त्यांची दया आली आणि त्यांची दया येते आहे याचा रागही आला. चाळीस वर्षं एक भिंग हरवू न देणाऱ्या माणसाला दया दाखवणारी मी कोण? आम्ही हॉस्पिटलात गेलो.

दुपारी काकूंना परत आणताना काका औषधांच्या दुकानात उतरले. तेवढ्या दोन मिनिटांत काकूंनी मागून माझा खांदा चाचपला.

"चिंधी राहिली ना आत?"

मी हो म्हटलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"ते विसरून राहिले हल्ली. परवा दोनदा जेवायले बसले. पोराले कळलं तर तो गाडी विकून टाकन, अन् ह्यांच्या हातून मले नेणं गेलं तर हे बसल्या जागी संपतील. मले काही होवो, ते होऊ द्यायचं नाही." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "माझे डोळे असते तर मीच मोजल्या असत्या. तू सकाळी निघताना वर पाहत जा. दोरीवर पाच असल्या तर गेटातून निघताना एकदा हॉर्न दे, हलका. मी पलंगावर ऐकीन. हॉर्न नाही आला तर समजीन, अन् काही बहाणा करून तुझ्यासोबत येईन. पण त्यांले समजू द्यायचं नाही."

मला अजून एक काम नको होतं. खरंच नको होतं. घरात सासूबाईंची औषधं, शाळेत पेपरांचे गठ्ठे, आणि आता वर चिंध्या. पण मी हो म्हटलं, आणि आठवड्यातले तीन दिवस, सकाळी नऊला, पार्किंगमधून मान वर करून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. गेटात एक हॉर्न. सुरुवातीला चिंध्या एकमेकींवर गोळा होऊन पडलेल्या असायच्या, डोळे बारीक करून बघावं लागायचं. नंतर कधीतरी त्या सुट्या दिसायला लागल्या, प्रत्येकीला चिमटा, मध्ये वीतभर जागा. मला बरं झालं, एवढंच मी समजले.

काका जिन्यात भेटले की कुरकुरायचे. "मास्तरीण, गेटात माणूस नाही, कुत्रं नाही, काहून हॉर्न मारून राहिली सकाळी सकाळी?"

"सवय आहे काका."

"वाईट सवय आहे."

दोनदा चार दिसल्या. दोन्ही वेळा हॉर्न दिला नाही, आणि दोन्ही वेळा पाच मिनिटांत काकूंचा फोन आला, की आज तुझ्या गाडीत एसी चांगला आहे, मले तिकडूनच ने. काका पुढच्या सीटवर मुकाट बसायचे. परत आल्यावर ते खाली जाऊन पाइप उघडायचे. एकदा आत बोळा होता, सकाळी उगाच परत उघडून बघताना राहिलेला. एकदा चिंधी नुसती वाऱ्यानं उडून माझ्याच गॅलरीत पडली होती.

असं दीड वर्ष चाललं. काकूंची पाळी एकही चुकली नाही आणि एकदाही दुसऱ्या कुणी नेलं असं काकांना म्हणावं लागलं नाही, कारण माझ्या गाडीत ते पुढे बसलेले असायचेच. काकू गेल्या एका शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर पडल्या होत्या तिथेच. हॉस्पिटलात नाही, रस्त्यात नाही, पुलावर तर नाहीच.

तेरावा झाला, मुलगा परत गेला. पुढच्या रविवारी संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढायला गेले तर खाली निळा कोट. बॉनेट उघडं. सोमवारी सकाळी दोरीवर पाच चिंध्या, पाच चिमटे. मी गाडी गेटात नेली आणि हात हॉर्नवर थांबला. वर पलंगावर ऐकणारं कुणी नव्हतं. न वाजवता निघून जाणं मला फार जड गेलं. मी वाजवला. सात-आठ महिने वाजवत राहिले. लाल गाडी जागची हलत नव्हती, तिची थ्रॉटल बॉडी मात्र नागपुरातली सर्वांत स्वच्छ असेल. काका वाळत चालले होते, हात थरथरायला लागले होते. एकदा मला ओळखायला त्यांना एक लवंगभर वेळ लागला.

मग मुलगा त्यांना न्यायला आला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लाल गाडी रामटेकच्या कुणाला तरी दिली. निघायच्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारावर टकटक झाली. निळा कोट, हातात पत्र्याचा डबा.

"चल मास्तरीण. तुझी गाडी पाहून घेऊ."

"काका, तुमची निघायची गडबड..."

"मले कोणती गडबड आहे? चल."

खाली गेल्यावर ते स्टुलावर बसले आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "आज तू कर. मी बसतो." त्यांचे हात मांडीवर थरथरत होते. मी काळी वायर काढली, पट्टी ढिली केली, पाइप ओढला. चुकलं की ते नुसतं "अं" करायचे. पुसून झाल्यावर मी बोळा काढला, चिंध्या मांडल्या, बोट लावून मोजल्या आणि "पाच" म्हटलं.

"परत मोज."

मी परत मोजल्या. त्यांनी लवंग काढली. मी थांबले. आता मला त्या लवंगेची घाई नव्हती.

"तो हॉर्न तिच्यासाठी होता ना?" ते म्हणाले.

माझ्या हातातला पेचकस तसाच राहिला.

"मले माहीत होतं वं. पहिल्याच आठवड्यात समजलं. हॉर्न आला की ती डोळे मिटायची, अन् मग मले म्हणायची, चला, उठवा मले." ते पाइपाकडे बघत होते. "आधी राग आला. मंग म्हटलं, माझं मोजणं काही खरं नाही आता. कोणीतरी मोजून राहिलं ते बरंच आहे. पण खालून तुले नीट दिसत नव्हत्या. म्हणून चिमटे आणले."

मला वाटत होतं की त्यांचा मान आम्ही दोघी राखतो आहोत. त्यांनी तो स्वतःच उतरवून, धुऊन, चिमटे लावून माझ्यासमोर वाळत घातला होता, आठवड्यातून तीनदा, काकूंची पाळी चुकू नये म्हणून. मी पाइप चढवला, पट्टी आवळली, वायर लावली.

"चिंध्या मी धुतो," ते उठत म्हणाले. "वाळल्या की तू काढून घे, घराची किल्ली तुझ्यापाशीच ठेवून जातो. बस आत. दहा मिनिटं. उतरायचं नाही."

मी आत बसले, गाडी सुरू केली, पाय काढला. इंजिन घोंगावलं आणि खालीवर व्हायला लागलं. थोड्या वेळानं ते वर गॅलरीत दिसले. सावकाश, एकेक, चिमटा लावून, वीतभर जागा सोडून त्यांनी चिंध्या टाकल्या. मी काचेतून मोजल्या. चार. मी परत मोजल्या. चारच. बोळा मी काढला होता ना? पण गाडी तर चालू होती. काका कठड्याशी आले आणि त्यांनी हात वर केला. पाचवी त्यांच्या हातात होती, आंबा रंगाची. मला दिसली याची खात्री होईपर्यंत त्यांनी ती तशीच धरून ठेवली. मग ओलीच घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

टॅक्सी आली. मुलानं बॅगा ठेवल्या. मी दाराच्या कडीवर हात ठेवला तसा काकांनी लांबूनच पंजा दाखवला, बसून राहा. ते टॅक्सीत बसले. गेटाकडे जाताना टॅक्सी माझ्या गाडीशेजारी क्षणभर थांबली, काच खाली झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कान तिरपा करून बॉनेटकडे ऐकत राहिले. इंजिन आता एका लयीत आलं होतं. ऐकून झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि काच वर केली.

माझं अजून एक मिनिट राहिलं होतं. एसी नाही, रेडिओ नाही, उतरायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. हॉर्नचं काही सांगितलं नव्हतं. टॅक्सी गेटातून वळत होती तेव्हा मी वाजवला, एकदाच, हलका.